पाहणाऱ्याचें ऋण

पाहणें ही निरुपद्रवी क्रिया आहे, असा आपणां सर्वांचा समज असतो. जो करितो त्याला पापपुण्य लागतें. जो नुसता पाहतो त्याचा त्या कर्माशीं संबंध कोणता? आपल्या तत्त्वज्ञानानें तर या समजाला मोठा मान दिला आहे. सांख्यांचा पुरुष स्वतः कांहीं न करितां प्रकृतीचा खेळ पाहतो. वेदान्त्यांचा साक्षी कशांतहि गुंतत नाहीं. चौदाव्या शतकांतील विद्यारण्यांच्या नांवावर असलेल्या 'पंचदशी' या ग्रंथांत 'नाटकदीप' नांवाचें एक प्रकरणच आहे. नृत्यशाळेंतील दिवा यजमानावर, सभासदांवर आणि नर्तकीवर सारखाच प्रकाश टाकतो, आणि ते सारे निघून गेले तरी तसाच तेवत राहतो. साक्षी चैतन्य हें त्या दिव्यासारखें आहे, असा त्या दृष्टान्ताचा आशय. दिवा नाचत नाहीं, ताल धरीत नाहीं, कोणाची वाहवा करीत नाहीं. त्याच्यामुळें सर्व कांहीं दिसतें. पण जें दिसतें त्यांत त्याचा हात नसतो.

हा दृष्टान्त इतका सुंदर आहे कीं, तो कोणत्या अटींवर खरा ठरतो तें आपण विसरून जातों. तो दिवा नृत्य सुरू होण्यापूर्वींच लागलेला असतो, म्हणून नर्तकीच्या डोळ्यांना त्याची संवय झालेली असते. तो सर्वांवर सारखा पडतो. तो कोणा एका क्षणाकरितां विशेष उजळत नाहीं. आतां अशी कल्पना करूं कीं, नृत्य चालूं असतां हा दिवा विझलेला आहे, एका कोपऱ्यांत दडलेला आहे, आणि नर्तकीनें उडी घेतली कीं तेवढ्यापुरता तो डोळे दिपवील असा भडकतो आणि तत्काळ विझतो. अशा दिव्याला साक्षी म्हणावें काय? त्यानें नृत्य नुसतें दाखविलें, कीं नृत्यांत कांहीं केलें?

ही कल्पना तत्त्वज्ञाच्या खोलींतली वाटेल. पण असे दिवे आज शेंकडों छायाचित्रकार पाठीवरच्या पिशवींत घालून खेळांच्या आणि शर्यतींच्या जागीं फिरत असतात. त्यांना फ्लॅश किंवा स्ट्रोब म्हणतात. त्यांच्या कलेची निंदा करावी असा प्रस्तुत लेखाचा हेतु नाहीं. जो स्वतःचा प्रकाश बरोबर घेऊन पाहावयास येतो त्याच्यावर कोणतें ऋण चढतें, एवढाच प्रश्न येथें विचारावयाचा आहे.

हें काम कसें चालतें तें प्रथम पाहूं. डोंगराळ रानांतून जाणारी सायकलींची शर्यत घ्या. १९९६ सालच्या अटलांटा येथील ऑलिंपिकपासून हा प्रकार त्या सोहळ्यांतहि आहे. वाट दाट झाडींतून जाते. भर दुपारीं सुद्धां खालीं उजेड थोडा, आणि जो असतो तो पानांतून गळून ठिकठिकाणीं सांडलेला. छायाचित्रकार एक वळण किंवा एक चढाव निवडतो. एक फ्लॅश तो वाटेच्या अलीकडे तिपाईवर उभा करितो. दुसरा पलीकडे झाडाला बांधतो, म्हणजे स्वाराच्या पाठीची कड आणि उडालेली धूळ उजळून निघते. कॅमेरा हातांत, बटण दाबलें कीं बिनतारी संदेशानें दोन्ही दिवे एकाच वेळीं पेटतात.

आतां थोडा हिशेब करूं. ताशीं ३६ किलोमीटर वेगानें जाणारा स्वार एका सेकंदांत १० मीटर अंतर तोडतो. फ्लॅश वापरतांना पडदेवजा शटरच्या कॅमेऱ्यांत साधारणपणें सेकंदाच्या २५० व्या भागाहून कमी वेळ ठेवतां येत नाहीं. त्याहून वेग वाढविला तर पडदा एकाच वेळीं पुरता उघडा राहत नाहीं. एवढ्या वेळांत स्वार ४ सेंटिमीटर पुढें जातो, आणि चित्र पुसट होतें. पण लहान फ्लॅश मंद ठेवला तर त्याचा प्रकाश सेकंदाच्या १० हजाराव्या भागाच्या आसपासच टिकतो, आणि तेवढ्यांत स्वार फक्त १ मिलिमीटर सरकतो. म्हणून छायाचित्रकार झरोका इतका लहान करितो कीं रानांतला उजेड जवळजवळ उमटूंच नये. जें उमटेल तें फ्लॅशनें उजळलेलें तेवढेंच. सारांश, अशा वेळीं क्षण कापून काढण्याचें काम शटर करीत नाहीं, प्रकाश करितो. चाकाचे आरे मोजून घ्यावे, चिखलाचे थेंब माळेंतून निसटलेल्या मण्यांसारखे हवेंत थांबावे, असें चित्र हातीं येतें.

ही हांव आजची नाहीं. १८५१ सालीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें फॉक्स टॅल्बट यानें वेगानें फिरणाऱ्या चकतीवर 'टाइम्स' पत्राचा कागद चिकटवून, अंधारांत विजेच्या एका ठिणगीच्या उजेडांत त्याचें छायाचित्र घेतलें. १८७८ सालीं कॅलिफोर्नियांतील पालो आल्टो येथें एडवर्ड मायब्रिज यानें धांवपट्टीच्या कडेला बारा कॅमेरे मांडले आणि वाटेंत आडवे दोरे ताणले. घोडी धांवत जाऊन एकेक दोरा तोडी आणि एकेका कॅमेऱ्याचें झांकण आपणच उघडी. चित्रकार शतकानुशतकें भरधांव घोडा पुढचे पाय पुढें आणि मागचे मागें ताणलेला असा रंगवीत आले होते. चारी पाय जमिनीवरून सुटतात हें खरें ठरलें. परंतु ते सुटतात पोटाखालीं गोळा झालेले असतांना, ही गोष्ट त्या दिवशीं कळली. पुढें १९३१ च्या सुमारास अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथें हॅरोल्ड एजर्टन यानें विजेच्या मोटारींचे फिरते भाग स्थिर दिसावे म्हणून स्ट्रोबचा दिवा सिद्ध केला. त्याच दिव्यानें त्यानें दुधाच्या थेंबाचा मुकुट दाखविला, गॉल्फच्या फटक्याचे तुकडे करून दाखविले आणि १९६४ सालीं सफरचंदांतून आरपार निघालेली बंदुकीची गोळी दाखविली. ग्यॉन मिली या छायाचित्रकारानें तोच प्रकाश 'लाइफ' साप्ताहिकासाठीं नर्तकांवर आणि खेळाडूंवर टाकला. एके काळीं प्रयोगशाळा ज्यासाठीं लागे तें आज खिशांतल्या बॅटरीवर चालतें.

या विद्येचा उपकार प्रामाणिकपणें मान्य केला पाहिजे. डोळ्याला जें कधींच दिसलें नसतें तें तिनें दाखविलें. आपलें कोपर कोठें चुकतें हें खेळाडूला त्यांत दिसतें. शिक्षकाला शिष्याच्या उडीचा दोष त्यांत सांपडतो. आणि ज्यानें वर्षभर पहांटे उठून श्रम केले त्याला आपल्या श्रमाचा एक पळ तरी पुढें नातवंडांना दाखवितां येतो. या शेवटच्या गोष्टीला कमी लेखूं नये. खेळाडूचें सारें यश वाऱ्यावर लिहिलेलें असतें. गवयाची तान आणि मल्लाचा डाव ज्या क्षणीं होतात त्याच क्षणीं नाहींसे होतात. त्यांतलें थोडें राखून ठेवणारा हात कृतज्ञतेला पात्रच आहे.

येथें पहिला पूर्वपक्ष उभा राहतो तो सत्याचा. फ्रेंच शिल्पकार रोदँ यानें पॉल ग्सेल याच्याशीं केलेलीं संभाषणें १९११ सालीं प्रसिद्ध झालीं. त्यांत त्यानें असें प्रतिपादन केलें आहे कीं, अशा प्रसंगीं खरें बोलतो तो कलावंत, आणि खोटें बोलतें तें छायाचित्र. कारण जगांत काळ असा एकाएकीं थांबत नसतो. झेरिकोनें १८२१ सालीं रंगविलेल्या एप्सम येथील शर्यतीच्या चित्रांत घोड्यांचे पाय अशक्य रीतीनें ताणलेले आहेत. तरी ते घोडे धांवतांना दिसतात, आणि छायाचित्रांतले घोडे खिळून राहिल्यासारखे दिसतात, असें त्याचें म्हणणें. रोदँच्या बोलण्यांत तथ्य आहे. हवेंत थांबलेला स्वार कोणीहि पाहिलेला नाहीं. प्रेक्षकांनीं नाहीं, खुद्द स्वारानेंहि नाहीं. पण कोणीं पाहिलें नाहीं म्हणून तें घडलें नाहीं, असें ठरत नाहीं. झेरिकोनें धांवण्याचा अनुभव सांगितला, मायब्रिजनें धांवण्याची रचना सांगितली. एका प्रश्नाला दिलेलें उत्तर दुसऱ्या प्रश्नाला लावलें तरच त्यांतलें एक खोटें पडतें.

मात्र लख्ख दिसणें आणि सत्य कळणें यांत किती अंतर राहतें, याचें एक उदाहरण लक्षांत ठेवण्याजोगें आहे. २५ मे १९६५ रोजीं अमेरिकेंतील मेन राज्यांत ल्युइस्टन या गांवीं महंमद अली आणि सनी लिस्टन यांची जगज्जेतेपदासाठीं मुष्टियुद्धाची लढत झाली. रिंगणावर उंच स्ट्रोब टांगलेले होते. एकेका झोतानंतर वीज पुन्हां सांठेपर्यंत थांबावें लागे. म्हणून कडेला बसलेल्या नील लायफर या २२ वर्षांच्या छायाचित्रकाराला मनास येईल तितकीं चित्रें घेतां येत नव्हतीं. पहिल्याच फेरींत लिस्टन कोसळला. त्याच्यावर उभा राहून, हात छातीशीं वळवून, ऊठ म्हणून अली ओरडत आहे, असा एक क्षण लायफरनें धरला. त्या आठवड्याच्या मुखपृष्ठावर तें चित्र आलें नाहीं. पण पुढें क्रीडाविश्वांतील अत्यंत प्रसिद्ध चित्रांपैकीं तें एक झालें. पडलेल्या लिस्टनची छाती, अलीच्या दंडाचे स्नायु, सारें त्यांत स्वच्छ आहे. परंतु त्या लढतीविषयीं लोकांच्या मनांत जो प्रश्न होता त्याचें उत्तर त्यांत नाहीं. लिस्टनला लोळविणारा ठोसा सभागृहांतील पुष्कळांना दिसलाच नाहीं. तो खरोखर बसला कीं लिस्टन आपण होऊन पडला, हा वाद कित्येक वर्षें चालला. चित्र जितकें स्वच्छ तितका पाहणाऱ्याचा विश्वास अधिक. आणि विश्वास जितका अधिक तितकी, प्रकाश न पडलेल्या मागच्यापुढच्या क्षणांविषयीं, बेसावधपणाची भीति अधिक.

याला जोडूनच दुसरी एक शंका आहे. झरोका लहान केल्यामुळें रान काळोखांत बुडतें, आकाश गडद होतें, आणि दुपारीं काढलेलें चित्र तिन्हीसांजेचें भासतें. प्रकाशाचा नियमच असा कीं अंतर दुप्पट झालें म्हणजे तो चौथ्या हिश्श्यावर येतो. त्यामुळें फ्लॅशजवळचा स्वार झळकतो, आणि मागें उभे राहून टाळ्या वाजविणारे लोक अंधारांत गडप होतात. एकाकी वीर आणि घनघोर अरण्य, असा देखावा तयार होतो. हें असत्य म्हणावें काय? माझ्या मतें, चित्राबरोबर तुम्हीं कोणतें वचन देतां यावर तें अवलंबून आहे. स्वाराच्या गौरवासाठीं भिंतीवर लावलेल्या चित्रांत दुपारची सांज झाली तर कोणाचें नुकसान नाहीं. तेंच चित्र शर्यतीचा वृत्तान्त म्हणून छापलें, आणि अंधारांत स्वार कसे गेले असतील याचा वाचक विचार करूं लागला, तर ती फसवणूक झाली. चित्रकाराला जी मोकळीक आहे ती छायाचित्रकाराला पुरती घेतां येत नाहीं. कारण लोक त्याच्या चित्रावर जो विश्वास ठेवतात तो त्याच्या कलेवर नसतो, तें तसें घडलें असलें पाहिजे या समजुतीवर असतो.

परंतु सत्यासत्याचा हा सारा विचार चित्र पाहणाऱ्यांपुरता झाला. याहून जड प्रश्न आहे तो ज्याचें चित्र काढलें त्याचा, आणि बहुधा तोच विचारावयाचा राहून जातो. नाटकदीपाचा दृष्टान्त आपल्याला येथेंच उपयोगी पडतो.

स्वार सांवलींतून येत आहे. सांवलीमुळें त्याच्या बाहुल्या विस्फारलेल्या आहेत. नजर कांहीं मीटर पुढच्या दगडावर आणि मुळावर आहे. अशा वेळीं समोरून झोत आला तर तो सेकंदाच्या १० हजाराव्या भागांत विझेल हें खरें. पण त्याचा ठसा डोळ्यांत त्याहून फार अधिक काळ राहतो, हा सर्वांचा अनुभव आहे. समजा, अर्धाच सेकंद नजर अंधुक झाली. तेवढ्यांत तो ५ मीटर पुढें गेलेला असतो, आणि त्या वाटेवर ५ मीटरांत एक आख्खें वळण मावतें.

याविरुद्ध जें म्हटलें जातें तें ऐकून घेतलें पाहिजे. पहिलें असें कीं, उघड्या उन्हांत फ्लॅशचा झोत सूर्यापुढें फिका पडतो, आणि स्वारांना तो पुष्कळदां जाणवतहि नाहीं. हें खरें आहे. म्हणूनच हा प्रश्न सांवलीचा, सायंकाळचा आणि रात्रीचा आहे. दुसरें असें कीं, ज्यानें हा खेळ पत्करला त्यानें धोकाहि पत्करला. इतक्या धोक्यांत एकाची भर पडली म्हणून काय झालें? आणि तिसरें असें कीं, चित्रांवांचून कीर्ति नाहीं, कीर्तीवांचून पैसा नाहीं आणि पैशावांचून शर्यत नाहीं. तेव्हां फ्लॅश हा स्वाराचा मित्रच आहे.

दुसऱ्या आक्षेपांत एक बारीक गफलत आहे. स्वारानें जो धोका पत्करला तो शर्यतीचा. दगड, मूळ, उतार आणि पाऊस हे त्या खेळाचे घटक आहेत. त्यांना जिंकणें हाच तो खेळ. शिवाय ते सर्वांना सारखे आहेत आणि सरावाच्या दिवशीं स्वारानें ते पाहून ठेवलेले असतात. फ्लॅशचा झोत त्या खेळाचा घटक नाहीं; तो पाहणाऱ्याच्या चित्राचा घटक आहे. एकानें आपल्या ध्येयासाठीं पत्करलेल्या धोक्यांत दुसऱ्यानें आपल्या ध्येयासाठीं गुपचूप भर घालावी, याला संमति म्हणतां येत नाहीं. आणि समतेची गोष्ट तर त्याहून विलक्षण आहे. फ्लॅशला पुन्हां वीज सांठविण्यास कांहीं वेळ लागतो. दोन स्वार पाठोपाठ आले तर पहिल्याच्या डोळ्यांवर झोत पडतो, आणि दुसरा त्याच वळणावरून शांत सांवलींत निघून जातो. छायाचित्रकाराच्या मनांत पक्षपात नसेल. परंतु त्याच्या दिव्यानें तो केलेला असतो.

तिसऱ्या आक्षेपाला उत्तर असें कीं, मित्र होण्याचा मार्ग विचारण्यांतून जातो. ज्याच्या हितासाठीं आपण कांहीं करितों त्याला तें आधीं सांगणें कठीण नसतें. आणि सांगण्याचा कंटाळा येऊं लागला म्हणजे तें हित कोणाचें याचा पुन्हां विचार करावा.

जेथें परिणाम तत्काळ आणि भयंकर होऊं शकतो तेथें या प्रश्नाचा निकाल लागूनहि गेला आहे. जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धांत फ्लॅश वापरण्यास मनाई असते. कारण हवेंत कोलांटी घेणाऱ्या खेळाडूला दांडी पुन्हां नजरेनेंच शोधावी लागते. घोड्यांच्या बाबतींत तर अडचण अधिक खोल आहे. घोड्याला आधीं सांगून ठेवतां येत नाहीं आणि त्याची संमति घेतां येत नाहीं. उलट ल्युइस्टनच्या रिंगणावरील दिवे पाहा. ते डोक्यावर उंच टांगलेले होते, दोन्ही मल्लांवर सारखे पडत होते, आणि आपण दिव्यांखालीं लढणार हें दोघांनाहि ठाऊक होतें. ते नाटकदीपाच्या बरेच जवळ जातात. म्हणजे आक्षेप फ्लॅशवर नाहीं. दिवा उघड असावा, सम असावा आणि कर्त्याच्या वाटेंत येऊं नये, एवढींच त्या जुन्या दृष्टान्तांतून निघणारीं लक्षणें आहेत; ज्याचा दिवा त्यांना उतरतो त्यानें साक्षित्वावर आपला हक्क खुशाल सांगावा.

आचरणांत हें कसें उतरावें? सरावाच्या दिवशींच दिवे जागेवर लावून स्वारांना ते पेटलेले दाखवावे, म्हणजे शर्यतीच्या दिवशीं ते अनोळखी राहत नाहींत. झोत समोरून न टाकतां बाजूनें किंवा मागून टाकावा. कोणीं नको म्हटलें तर दिवा उचलावा आणि असेल त्या उजेडांत मिळेल तें चित्र घ्यावें. एक गोष्ट या कामीं संयमाला अनुकूल आहे: लहान फ्लॅशचें बळ कमी केलें कीं त्याचा झोत अधिक अल्पकाळ टिकतो, म्हणून सौम्य प्रकाशानेंच क्षण अधिक नेमका कापला जातो. परंतु यावरून नीति आणि कौशल्य नेहमींच एका वाटेनें चालतात असें समजूं नये. सौम्य दिवा जवळ आणावा लागतो, आणि वाटेच्या जवळ आणलेली तिपाई हीच पडणाऱ्या स्वाराला नवी इजा करूं शकते. या कामांत असा एकहि नियम नाहीं कीं जो पाळला म्हणजे विचार करण्याची गरज उरूं नये.

आणखी एक मोह आहे, त्याचा उल्लेख संकोचानेंच केला पाहिजे. जेथें स्वार पडण्याचा संभव अधिक तेथें चित्रहि अधिक चांगलें मिळतें. म्हणून छायाचित्रकार नेमका तेथेंच दिवा लावून बसतो. कोणी पडावें असें तो इच्छीत नाहीं. पण कोणी पडलें तर तें वांयां जाऊं नये अशी त्याची तयारी असते. या दोन मनःस्थितींतलें अंतर बोटभर आहे. त्या अंतराची परीक्षा स्वार पडल्यानंतर होते. मागून येणाऱ्या दुसऱ्या स्वाराला हात करून थांबविण्यास कॅमेरा खालीं ठेवावा लागतो. आणि जो पहिल्या क्षणीं तो खालीं ठेवतो त्यानें आपण तेथें कशासाठीं होतों याचें उत्तर दिलें. नृत्यशाळेंतला दिवा हलूं शकत नाहीं म्हणून त्याला दोष नाहीं. माणसाला पाय आहेत.

हा विचार परदेशांतल्या शर्यतींपुरता आहे असें वाचकांनीं समजूं नये. आपल्याकडे शाळेच्या स्नेहसंमेलनांत किंवा आखाड्याच्या वार्षिक समारंभांत मल्लखांबाचीं प्रात्यक्षिकें होतात. दहाबारा वर्षांचें मूल डोकें खालीं करून मांड्यांनीं खांब धरतें, सोडतें, आणि वळून पुन्हां धरतें. तें खांब सोडतें त्या क्षणीं पहिल्या रांगेंतून मोबाइल फोनचे दिवे लखलखतात. ते दिवे शत्रूचे नसतात. त्या मुलाच्या आईबापांचे, मावशीचे, काकांचे असतात. त्यांच्या प्रेमांत उणें कांहींच नाहीं. उणें आहे तें एवढेंच कीं, आपण पाहण्याखेरीज कांहीं करीत नाहीं अशी त्यांची पक्की खात्री आहे. मूल खांब सोडून हवेंत असतांना त्याला खांब दिसणें, हें त्याचें चित्र आपल्या हातीं येण्यापेक्षां महत्त्वाचें आहे, हें सांगावयास तत्त्वज्ञानाची गरज पडूं नये. पण पडते खरी.

तसें पाहिलें तर स्वतःचा प्रकाश घेऊन पाहावयास येणारे छायाचित्रकार एकटेच नव्हेत. चरित्रकार एखाद्याच्या आयुष्यांतील एक प्रसंग निवडतो, त्यावर सारा उजेड टाकतो आणि उरलेलीं वर्षें अंधारांत ठेवतो. टीकाकार एका कवीच्या एका ओळीवर झोत टाकतो, आणि तो कवि पुढची ओळ त्या झोतांत डोळे मिचकावीत लिहितो. वृत्तपत्रकार दुःखाच्या घरांत दिवा घेऊन शिरतो. हे सर्व आपापल्या परीनें उपयोगी लोक आहेत. त्यांच्यावांचून पुष्कळ कांहीं न दिसतां नाहींसें झालें असतें. पण आपण नुसते साक्षी आहोंत असें त्यांनीं म्हणावयाचें असेल तर आपला दिवा उघड आहे काय, सम आहे काय, कोणाच्या वाटेंत आला आहे काय, हें त्यांनाहि पाहावें लागेल. ज्ञानाची ओढ ही पवित्र गोष्ट आहे. ती ज्याच्याविषयीं आहे त्याला ती डोळ्यांआड करूं देत नाहीं, म्हणूनच पवित्र आहे.

प्रकाश आणणें हा अपराध नाहीं. अंधारांत राहिलेल्या कौशल्यापेक्षां प्रकाशांत आलेलें कौशल्य जगाच्या अधिक उपयोगाचें, यांत शंका नाहीं. फक्त ज्यानें प्रकाश आणला त्यानें तो आपलाच आहे हें विसरूं नये. सूर्याच्या उजेडांत पाहणारा सूर्याचा ऋणी असतो. स्वतःच्या उजेडांत पाहणारा ज्याला पाहतो त्याचा ऋणी होतो. बटण दाबलें म्हणजे चित्र पुरें होतें. स्वाराची शर्यत मात्र त्या झोतांतून तशीच पुढें गेलेली असते. चित्र कसें उठलें तें पाहण्याआधीं मान वळवून, तो पुढचें वळण सुखरूप पार करून गेला कीं नाहीं हें पाहणें, हा त्या ऋणाचा पहिला हप्ता होय.